शेपूट येईपर्यंत

हॅलो? … हॅलो, बोल गं. … हो, येतंय ऐकू, वारा आहे म्हणून घरघर होतेय. … नाही, पडले नाही. पंक्चरही नाही. अगं काही झालेलं नाही मला, ठणठणीत आहे. … उभी आहे. … उभी आहे म्हणजे उभी आहे, सायकल पाटीला टेकवून आणि मी सायकलला टेकून.

… फाट्यावरच. पाणथळ संपते आणि जंगल सुरू होतं तिथे. डावीकडचा बांध पंपाच्या खोलीकडे जातो नि तिथेच संपतो, उजवीकडची खडीची वाट जंगलात शिरते. … तूच तर उभं केलंस मला सकाळी. 'ताई, या फाट्याचा खांब तू' म्हणालीस आणि भुर्रकन पुढे गेलीस. तर खांब जागेवर आहे.

… सगळे पोचले जंगलापलीकडे? … चहासुद्धा झाला? छान. माझ्या वाटणीचा थर्मासमध्ये ठेवा, आणि बिस्किटं जावईबापूंपासून लांब ठेवा.

… हो, लाल जाकीट तिकडे पोचलं असणारच. माझ्यासमोरूनच गेलं ना मघाशी. … बघितलं की. या दोन डोळ्यांनी बघितलं. … मग निघाले का नाही? अगं ऐक ना. … ऐक तरी. तू बोलायची थांबलीस तर मी सांगेन. … जाकीट गेलं, अण्णा गेले नाहीत.

… ऊन वगैरे काही लागलेलं नाही मला. तू आता आहेस तिथून मान वळव आणि ते लाल जाकीट कुणाच्या अंगात आहे ते बघ. … बघ तर खरं. मी धरते फोन.

… कोण? … बेकरीवाला. वाटलंच.

… अगं, जाकिटाचं टोपडं पार भुवयांपर्यंत ओढलेलं, मान खाली, आणि वारा पाठीला, तो असा सुसाट आला की तोंड दिसलंच नाही. पण बाह्या बघितल्या मी. मनगटाच्या चांगल्या वर आल्या होत्या. ते जाकीट मी शिवलंय बाई, एका दुकानाच्या छपराचं कापड उरलं होतं त्यातून, आणि अण्णांना समोर उभं करून माप घेतलंय. त्यांच्या बाह्या बोटांवर येतात. शिवाय अण्णा पायडल मारतात तेव्हा उजवा गुडघा बाहेर काढतात, शेजारच्याला कोपरखळी मारल्यासारखा. याचे दोन्ही गुडघे सरळ. मी हाक मारली, चांगली बेंबीच्या देठापासून मारली. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. हात हलवून गेला.

… अण्णांना फोन लावतेस? लाव, लाव. दुसऱ्या फोनवरून लाव, हा ठेवू नकोस. … वाजतोय ना? … तुझ्या शेजारीच वाजतोय ना? … जाकिटाच्या खिशात आहे तो. शिट्टीपण तिथेच असेल, डावीकडच्या आतल्या खिशात. तो खिसा मीच लावलाय.

… अगं त्याच्यावर ओरडू नकोस. हॅलो? … हॅलो, त्या बिचाऱ्यावर ओरडू नकोस म्हणते मी, पहिल्यांदाच आलाय तो आपल्या खडीवरच्या सायकलमंडळींत, त्याला काय ठाऊक लाल म्हणजे काय. नीट विचार, काय झालं ते विचार. …

हं. … हं. … चरात पडला? … सायकलसकट? … अरे देवा. म्हणजे गळ्यापर्यंत भिजला असेल, आणि वर हे वारं. … दातावर दात वाजत होते. मग अण्णा काय करणार, काढलं जाकीट नि घातलं त्याच्या अंगात. 'थांबू नकोस, जोरात मार पायडल, अंग तापेल', असंच म्हणाले असतील. … बघ, शब्दसुद्धा तेच. मी ओळखते माझ्या बापाला.

… हो. … हो गं, कळतंय मला. ते लाल जाकीट दिसलं की वाटेतला एकेक खांब हलणार, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. नियम त्यांचाच. … नाही, पांघरूण घालत नाहीये मी. विसरले. विसरले ते, खोटं कशाला सांगू. … पण थरथरणारा माणूस समोर असताना विसरले, एवढं तरी लक्षात घे.

… महिन्यापूर्वीचं आत्ता काढू नकोस. … भाजीबाजारातून घरी यायला त्यांना संध्याकाळ झाली, माहीत आहे मला. तुझ्याआधी मला फोन आला होता. … अगं पण हे बांध त्यांच्या पायाखालचे आहेत. पाणीखात्यात जन्म गेला त्यांचा, याच बांधांवरून सायकल हाणत पाण्याची दारं उघडली नि बंद केली. आपण शाळेत होतो तेव्हाही…

… हं.

… भाजीबाजारही पायाखालचाच होता. खरं आहे तुझं.

… रडू नकोस. कोण आहे शेजारी? … दे त्यांना. दे गं, त्यांच्याशी बोलते, तू डोळे पूस.

जावईबापू? बोला. … नाही, जीप काढू नका. … अहो, बांधावर जीप येत नाही. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला खाली उतरावं लागतं, तुमची जीप थेट बदकांत जाईल. … तुम्ही सायकलवाले नाही, म्हणून शांतपणे सांगते, ऐका. आमच्यात कुणी नकाशा बघत बसत नाही. तुमची बायको सगळ्यांच्या पुढे. जिथे रस्ता फुटतो तिथे ती तिच्या मागच्या माणसाला उभं करते, तो झाला खांब. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हात करून वाट दाखवायची. सगळ्यात शेवटी शेपूट येतं, लाल जाकीट घातलेलं. शेपटाने कुणालाही मागे टाकायचं नाही, आणि शेपूट दिसल्याशिवाय खांबाने हलायचं नाही. झालं. एवढंच शास्त्र.

… बरोबर. आता समजलं तुम्हाला. जाकीट पुढे निघून आलं, मागचे सगळे खांब 'चला, शेपूट आलं' म्हणून त्याच्यासोबत सुटले. म्हणजे इथून मागे, अख्ख्या पाणथळीत, एकाही फाट्यावर माणूस नाही. मी सोडून.

… मी मागे जाऊन बघू? नाही जाणार. … घाबरून नाही हो. तिकडे बांधांचं जाळं आहे. मी एका बांधाने आत गेले आणि ते दुसऱ्याने इथे आले, तर त्यांना इथे कोण सापडणार? ही पाटी? तिच्यावर पंपाच्या खोलीचं नाव आहे, जंगलाचं नाही. ती त्यांना बरोब्बर चुकीच्या बाजूला नेईल. मी हलले की उरलासुरला धागाही तुटला. तेव्हा मी इथेच. तुम्ही एक काम करा, तिथली डोकी बघा. चित्रकलेच्या बाई आल्यात का? … गोल चष्मा, पिवळी सायकल, वाटेत दर दहा पावलांवर थांबून बगळे न्याहाळतात त्या. … नाहीत? पिवळी सायकलही नाही? नीट बघा, संडासाच्या मागे लावली असेल.

… नाही. बरं. मग ऐका, ही चांगली बातमी आहे. … चांगलीच. बाई मागे आहेत म्हणजे अण्णा बाईंच्या मागे आहेत. शेपूट आहे ते. जाकीट असो नसो. द्या तिला फोन.

हां, ऐकलंस? … अगं, हरवलेत असं का धरून चाललीस? माणूस काम करत असेल. … हो, माझी पैज अजून कायम आहे. आज काही गडबड झाली तर त्यांची सायकल तुझ्या माळ्यावर लटकवायची आणि मी तोंड उघडायचं नाही. शब्द दिलाय ना. … सुतार येऊनसुद्धा गेला? … दोन आकडे ठोकून गेला? आज निघायच्या आधीच? तू म्हणजे ना… आधी आकडे, मग निकाल.

… नाही, रागावले नाहीये. खरंच नाही. तू भितेस, मला कळतं. … ऐकू येतंय, तू बोल. … हो. रोज त्यांच्याकडे जाऊन गॅसचं बटण बघतेस, मी नाही बघत, मी लांब राहते. कबूल. तुझ्याइतकं मी पाहिलेलं नाही. पण सकाळी माळावर तू पुढे होतीस, तू मागे वळून बघितलं नाहीस. मी बघितलं. ती खुरटी झुडपं, मध्ये पांढरी खडी, असा खडखडाट की कवळी असती तर निघून हातात आली असती. आणि अण्णा सगळ्यांच्या मागे, एकटे, मान वर. शीळ घालत होते गं. आई गेल्यापासून ऐकली होतीस तू त्यांची शीळ? … मग.

… काय दिसतंय म्हणजे? पाणी दिसतंय. दोन्ही बाजूंना सपाट पाणी, मध्ये बांध सुतासारखा सरळ. लव्हाळ्यात वारा घुसलाय. एक बगळा आहे, मगापासून तो नि मी दोघंच उभे आहोत, त्यालाही कुणीतरी खांब केलंय बहुतेक. … हसलीस. बरं झालं.

… थांब.

… थांब जरा, लांबवर काहीतरी हललं. बांधावर. … सायकल आहे. … एकच. … अगं हो, सायकल आहे, येतेय इकडेच. हळू येतेय. … रंग कळत नाहीये, ऊन समोरून आहे. … पिवळी नाही. करडी. पुढे दुहेरी दिवा, अण्णांचीच. म्हटलं नव्हतं मी तुला? अण्णांची सायकल आली बघ, आता तो सुतार बोलाव आणि…

…

हॅलो. आहे, आहे मी.

… अण्णांची सायकल आहे. वर अण्णा नाहीत.

… माहीत नाही. बाई आहेत वाटतं. हो, बाईच, चष्मा चमकला. … मला काय माहीत गं. अण्णांच्या सायकलवर बाई. अण्णा नाहीत. … मी निघते, मी आत जाते. … नाही. नाही, थांब. आत गेले तर… दोन पावलं टाकली होती, परत आले. बाई येतायतच. येऊ दे त्यांना. तू फोन सोडू नकोस, काय वाटेल ते झालं तरी सोडू नकोस.

… बाई! बाई, इकडे! अण्णा कुठे आहेत?

… काय? दम घ्या आधी, मग बोला. … अहो पाणी प्या.

… हॅलो, अगं येतायत. मागून येतायत. चालत. … चालत, पायांनी! बाईंची सायकल मोडली. मागचा गिअर चाकात घुसला, आरे तुटले, चाक फिरेचना. म्हणून अण्णांनी आपली सायकल बाईंना दिली नि बाईंची स्वतः घेतली, मागचं चाक उचलून धरून चालतायत. बाई म्हणाल्या मीही चालते सोबत, तर म्हणाले, शेपटाच्या मागे कुणी राहायचं नसतं, तुम्ही व्हा पुढे. … तेच ना. जाकीट गेलं, सायकल गेली, कायदा काही सुटला नाही.

… विचारते, थांब, तेच विचारते. बाई, फाट्यांवर माणसं नव्हती, मग आलात कसे?

… हं. … हं. … असं म्हणाले?

… हॅलो. सांगते. सांगायचं की नाही असं क्षणभर आलं मनात, पण सांगते. पहिले फाटे त्यांनी पटापट काढले, इकडून, मग इकडून. मोठ्या दारापाशी तीन बांध फुटतात ना, तिथे मात्र थांबले. बराच वेळ उभे राहिले. मग बाईंना म्हणाले, मला आठवत नाही. … हो. अगदी स्पष्ट. 'हे दार मी कितीदा उघडलंय, पण कुठे जायचं ते आठवत नाही.'

… ऐक ना. पुढे ऐक. रडतेस काय, पुढे ऐक. 'आठवत नाही', म्हणाले, 'थांबा, जमीन बघू.' खाली बसले. सकाळच्या दवाने खडी ओली होती, आपल्या सगळ्यांच्या जाड टायरांचे माग त्यात उमटले होते. तिन्ही बांध हाताने चाचपले. दोनांवर काही नव्हतं, एकावर ही गर्दी. म्हणाले, 'माझी पोरगी इकडून गेली.' … तू. तू पुढे होतीस ना, तुझ्याबद्दलच म्हणाले. मग बाईंची सायकल मोडेपर्यंत दोघं तुझ्या मागावरूनच आले.

… पूस. पूस डोळे. जावईबापूंचा रुमाल घे, स्वच्छ असला तर.

… अगं दिसले. दिसले गं! बांधावर, लांब, पण ते तेच. शर्टावर आहेत नुसते, आणि ती पिवळी सायकल मागून उचलून धरलेली… थंडी वाजत असेल, बेकरीवाल्याला सांग जाकीट काढून शेगडीपाशी धरायला, तिकडे पोचले की लगेच लागेल. … उजवा गुडघा बाहेर आहे का? अगं चालतायत ते, चालताना गुडघा बाहेर कसा येईल? काहीही विचारतेस.

… बाई, तुम्ही निघा पुढे. हो, जंगलातून सरळ, आता फाटा नाही. सांभाळून, पानांखाली मुळं आहेत. … हॅलो, बाईंना पाठवलं पुढे. तुझ्याकडे येतील, त्यांना आधी चहा दे.

… नाही, मी नाही जात सामोरी. तिथूनच हात करतायत, 'थांब तिथेच' म्हणून. बरं बाबा, थांबले. आज सगळ्यांनी मला थांबवूनच ठेवायचं ठरवलंय.

… आले. अण्णा, आलात? … खाली ठेवा ती सायकल. हात बघू. गार पडलेत हो नुसते. हा घ्या माझा स्कार्फ. … घ्या म्हणते ना. … धाकटी आहे फोनवर. घेता? … नको म्हणतायत, हात ग्रीसने भरलेत. विचारतायत, सगळे पोचले का. … पोचले हो अण्णा, सगळे पोचले, तुम्हीच राहिला होतात. … तो चरात पडलेला बेकरीवाला? तोही. चहा पितोय तुमच्या जाकिटात बसून.

… काय म्हणालात?

… नाही, तसं काही नाही अण्णा. … बरं. बरं, सांगते तिला. जसंच्या तसं सांगते.

हॅलो. अण्णा म्हणतायत, चूक झाली. जाकीट देताना खांबांचं डोक्यातच आलं नाही, रिकामा फाटा बघितला तेव्हा लख्ख कळलं. म्हणतायत, पुढच्या वेळेपासून शेपूट मी नको, दुसरं कुणी बघा. … थांब, संपलं नाही. म्हणतायत, सायकल माळ्यावर टाकायची भाषा मी ऐकलीय, कान शाबूत आहेत. शेपूट सोडतो, सायकल सोडत नाही. मला खांब करा. उभं राहायला आठवण लागत नाही, आणि सोबत एक खांब आणखी द्या, गप्पा मारायला.

…

… हॅलो? … आहेस ना?

… हं. … 'सोबतीला मी उभी राहीन', असं सांगू? … सांगते. अण्णा, ती म्हणतेय सोबतीचा खांब ती होणार. … हसतायत. म्हणतायत, मग गप्पा नकोत, ती मला बोलू देणार नाही.

… त्या आकड्यांचं आता काय करायचं? तुझे पडदे वाळत घाल. चांगले ठोकलेत ना? मग वाया कशाला घालवायचे.

… नाही गं, जीप जंगलाच्या तोंडाशी उभी करा फार तर, आत नको. चालतच येणार म्हणतायत ते. मी मागे राहते म्हटलं तर डोळे वटारले. मी पुढे, ते मागे, आजच्या दिवस तेच शेपूट. ठेवते आता, एका हाताने सायकल ढकलता येत नाही मला.

… थांब, ठेवू नकोस. एक राहिलं. तू आत जाऊन बसू नकोस, फाटकापाशी येऊन उभी राहा. … का म्हणजे? शेवटचा खांब तू आहेस. मी दिसले म्हणून हलू नकोस हं, माझ्या मागे बघ. अण्णा आले की मगच हल. … उभी राहिलीस? … बरं. निघालो आम्ही.